मध्यंतरापर्यंतचा नास्तिक

मुलगा आजारी आहे आणि औषधाला घरात पैसा नाही. जिजाई एका हाताने त्या पोराला ओढत, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. आपल्या संसाराची ही दैना ज्याच्यामुळे झाली, त्याला ती आज धडा शिकवणार असते. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मधला (१९३६) हा प्रसंग आज कुणी नव्याने लिहिला, तर निर्मात्याला आधी वकील गाठावा लागेल. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट मात्र मुंबईत वर्षाहून जास्त काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला, आणि गौरीबाईंनी उभी केलेली ती फटकळ जिजाई विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाइतकीच लोकांच्या मनात घर करून राहिली. त्या चपलेने कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही.

याचं कारण आपल्या भक्तिपरंपरेतच आहे. विठोबाला 'अरे-तुरे' करायचं, त्याच्याशी रुसायचं, जनाबाईसारखं त्याला शिव्या घालायच्या, हे आपल्याकडे भक्तीतच मोडतं. जिजाईची चप्पल ज्याच्यावर उगारलेली आहे तो तिथे आहे आणि ऐकतो आहे, याबद्दल तिला शंका नाही. चित्रपटालाही नाही. पोर देवळातच चमत्काराने बरं होतं.

मराठी आणि हिंदी लोकप्रिय सिनेमा गेली शंभर वर्षं बहुतेक याच वाटेने चालत आला आहे. देवावर चिडलेला माणूस त्याला चालतो. ढोंगी बुवा तर हवाच असतो. पण ज्याचं देवाशी भांडणही नाही, जो देवाशिवाय सुखासमाधानाने जगतो, असा नायक शेवटच्या रिळापर्यंत टिकत नाही. मध्यंतरापर्यंत त्याला बोलू देतात, टाळ्याही घेऊ देतात. पुढे आई आजारी पडते, अपघात होतो, घंटा वाजतात आणि तो हात जोडतो.

याची मुळं धंद्यातही आहेत. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट मुंबईत पाहताना दादासाहेब फाळक्यांना पडद्यावर आपला कृष्ण दिसू लागला, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायताणं काढून नमस्कार करत. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाच्या होत्या, याने त्या नमस्कारात काही फरक पडला नाही. १९७५ साली 'जय संतोषी माँ'च्या वेळी पुन्हा तेच झालं. थोडक्या पैशात काढलेला चित्रपट, आणि थिएटरात फुलं आणि नाणी. श्रद्धा हे भारतीय सिनेमाचं पहिलं भांडवल होतं, आणि भांडवलाला धक्का लावायची हिंमत सहसा कुणी करत नाही.

त्याच वर्षी 'दीवार' आला. लहानगा विजय देवळाच्या पायऱ्यांवरच थांबतो. आई आणि धाकटा भाऊ आत जातात. तो मोठा होतो, तस्कर होतो, तरी देवळाची पायरी चढत नाही. हिंदी सिनेमातला हा सगळ्यात गाजलेला नास्तिक. पण गोदीतल्या रहीमचाचांनी पवित्र म्हणून समजावून सांगितलेला ७८६ क्रमांकाचा बिल्ला तो खिशात जपतो, आणि गोळी त्या बिल्ल्यावर अडते. शेवटी आईसाठी तो शंकरापुढे उभा राहून भांडतो, बिल्ला हातातून निसटतो तेव्हा त्याचं नशीबही निसटतं, आणि तो प्राण सोडतो तो देवळातच, आईच्या मांडीवर. पटकथा सलीम-जावेद यांची. त्यांतले जावेद अख्तर स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवतात. २०२० साली त्यांना रिचर्ड डॉकिन्स पुरस्कारही मिळाला. लेखक नास्तिक असला तरी त्याच्या नायकाला देवळाबाहेर मरण येत नाही, इतका या साच्याचा जोर आहे.

'ओह माय गॉड' (२०१२) याच्या पुढे जाईल असं वाटलं होतं. मूळ गुजराती नाटक 'कानजी विरुद्ध कानजी'. देवाच्या मूर्ती विकणारा कानजी मेहता स्वतः देव मानत नाही. भूकंपात त्याचं एकट्याचं दुकान कोसळतं, ही देवाची करणी म्हणून विमा कंपनी हात वर करते, आणि तो थेट देवावर दावा लावतो. देवस्थानांचे आणि धर्मसंस्थांचे प्रतिनिधी कोर्टात हजर होतात. परेश रावल यांचे ते पहिल्या भागातले युक्तिवाद आजही ऐकावेत असे आहेत. देव असेल तर त्याच्या प्रतिनिधींनी भरपाई द्यावी, नसेल तर विमा कंपनीने द्यावी, हा पेच बिनतोड आहे. पण दुचाकीवरून कृष्ण येतो, कानजीला अर्धांगवायू होतो, कृष्ण त्याला बरं करतो, आणि मग धर्माच्या बाजाराविरुद्ध कानजी जे बोलतो ते देवाच्या परवानगीने बोलतो. मला हा चित्रपट आवडतो, म्हणूनच त्याची ही माघार जास्त सलते. २०२३च्या दुसऱ्या भागात तर सेन्सॉरच्या सूचनेनंतर अक्षय कुमारच्या शंकराचाही शिवदूत झाला.

'पीके'मध्ये (२०१४) राजकुमार हिरानींनी एक फार नेमका प्रसंग रचला आहे. परीक्षेचे दिवस, कॉलेजचं आवार. पीके झाडाखाली एक दगड ठेवतो, तो लाल रंगवतो, पुढ्यात चार नाणी टाकतो आणि बाजूला होतो. पेपरच्या धास्तीने गांगरलेली मुलं येतात, वाकतात, पैसे ठेवतात. धर्मसंस्था कशी उभी राहते, त्याला भीती आणि थोडी गुंतवणूक कशी पुरते, हे काही मिनिटांत कळतं. पण चित्रपट निष्कर्ष काढतो तो वेगळा: आपल्याला घडवणारा देव खरा, तुम्ही घडवलेला खोटा. आणि एवढं म्हणायलाही परग्रहावरचा माणूस आणावा लागतो. इथल्या गल्लीतल्या कुणी म्हटलं असतं तर त्याची जात आणि धर्म आधी विचारला गेला असता.

याला निव्वळ भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. तमिळनाडूत द्रविड चळवळीतून आलेल्या, स्वतः नास्तिक असलेल्या करुणानिधींनी 'पराशक्ती' (१९५२) लिहिला. त्यात पुजारी देवळातच एका असहाय मुलीवर हात टाकतो. पण नायक कोर्टात सांगतो की त्याचा राग देवळावर नाही, देवळाच्या आडोशाने दुष्टपणा करणाऱ्यांवर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरही आयुष्यभर हेच सांगत राहिले, की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. लोकांना सोबत घ्यायचं तर दार पूर्ण लावून चालत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. इतकं सांभाळून बोलणाऱ्यालाही जिथे जगू दिलं गेलं नाही, तिथे कोट्यवधी रुपये लावणाऱ्या निर्मात्याने जपून पाऊल टाकलं तर त्यामागची भीती समजते.

वरून दबावही जुनाच. एकनाथांवरच्या 'प्रभात'च्या चित्रपटाचं मूळ नाव 'महात्मा' होतं. गांधीजींची आठवण नको म्हणून ब्रिटिश सेन्सॉरने अडवलं आणि १९३५ साली तो 'धर्मात्मा' म्हणून आला. २०२५ साली हिंदी 'फुले' काही ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपानंतर दोन आठवडे उशिरा आला, तोही सेन्सॉरने सुचवलेले बदल करून. दोन्ही चित्रपटांचा विषय जातीचाच होता. आणि महाराष्ट्रात जातीला हात न लावता धर्मसंस्थेवर बोलता येत नाही, हे जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

या सगळ्यात 'देऊळ' (२०११) वेगळा उठून दिसतो. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी, लेखक आणि नायक गिरीश कुलकर्णी. मंगरूळ गावचा केशा हरवलेली करडी गाय शोधत डोंगरावर जातो, औदुंबराखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्ताचं दर्शन होतं. ते खरं की भास, याचा निकाल चित्रपट लावत नाही, लावायची त्याला गरजही वाटत नाही. त्याला पुढचं दाखवायचं आहे. पत्रकाराला बातमी मिळते. कामधंदा नसलेल्या पोरांना हाताशी काहीतरी येतं. दवाखान्याची योजना आधीच ठरलेली, पण भाऊ गलांडेंसारख्या मुरलेल्या पुढाऱ्याला वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं. देऊळ उभं राहतं, पाठोपाठ प्रसादाची, फोटोंची, नारळांची दुकानं, आरत्यांच्या सीड्या, गाड्यांची रांग.

यात ढोंगी बुवा नाही, आणि इथेच 'देऊळ' बाकीच्यांच्या पुढे जातो. बुवाला पकडता येतं, त्याचा मुखवटा फाडता येतो, प्रेक्षक समाधानाने घरी जातो. मंगरूळमध्ये पकडायचं कुणाला? प्रत्येकाला थोडं थोडं मिळालेलं आहे: रस्ता, गिऱ्हाईक, मान, मतं. नाना पाटेकरांचा भाऊ खलनायक नाही, त्याला आपण रोज भेटतो. दिलीप प्रभावळकरांचे अण्णा, दवाखान्याचा आराखडा घेऊन फिरणारे, उत्खननात रमणारे, गावाशी भांडत नाहीत. गाव सोडून जातात. उरतो केशा. या सगळ्या गजबजाटात आपला दत्त सापडेना, म्हणून तो मूर्ती उचलतो आणि पाण्यात सोडून येतो. देवळाचं काही अडत नाही, दुसरी मूर्ती येते. श्रद्धाळू माणूसच संस्थेतून बाहेर फेकला जातो, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा भारतीय चित्रपट मला माहीत नाही. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याने 'ब्यारी'सोबत वाटून घेतला.

तरीही गाव सोडून गेलेल्या अण्णांचं काय, त्यांच्यासारखं पात्र शेवटपर्यंत का टिकत नाही, हा प्रश्न मला सोडत नाही. डॉ. श्रीराम लागूंनी परमेश्वराला निवृत्त करा असं जाहीरपणे लिहिलं, दाभोलकरांसोबत गावोगाव 'विवेकजागर'चे कार्यक्रम केले, आणि त्याच लोकांनी 'पिंजरा'तल्या त्यांच्या मास्तरवर जीव टाकला. प्रेक्षकाला नास्तिक नट चालत होता. नास्तिक पात्र चालणार नाही, हे त्याच्या वतीने दुसऱ्याच कुणी तरी ठरवलं.

देव न मानणारी घरं महाराष्ट्रात आहेत. लग्न सत्यशोधक पद्धतीने झालेलं, वडिलांचं देहदान केलेलं, घरात गणपती बसत नाही पण मुलं शेजारच्या आरतीला टाळ वाजवायला पळतात आणि मोदक खाऊन येतात. तिथेही आजारपणं येतात, कर्जं होतात, भावाभावांत दहाव्या-तेराव्यावरून अबोला धरला जातो, आणि रात्री दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईला कुणाला हाक मारावी ते समजत नाही. चमत्कार न करता आणि तिला हात जोडायला न लावता या बाईची गोष्ट शेवटपर्यंत सांगणारा मराठी चित्रपट मला पाहायचा आहे. तिची भूमिका करू शकतील अशा अभिनेत्री आज आपल्याकडे आहेत, आणि लिहू शकतील असे लेखकही.