पंधरा दिवसांचा चीन

चीनमधला उद्योग आणि तिथली संस्कृती यांची ओळख करून देणाऱ्या विद्यापीठीय अभ्यास-सहली बहुधा दहा दिवस ते तीन आठवड्यांच्या असतात. वाणिज्य किंवा व्यवस्थापन शाखेचे वीस-तीस विद्यार्थी, सोबत एक-दोन प्राध्यापक, निघण्यापूर्वी काही व्याख्याने, परतल्यावर अहवाल आणि त्याचे श्रेयांक, असा त्यांचा साचा. मार्गही बराचसा ठरलेला: बीजिंग, शांघाय, जमल्यास शेन्झेन. दिवसा कंपन्यांच्या भेटी. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी चिनी भिंत, सुलेखनाचा वर्ग, चहाचे दुकान. अशा सहलींचा सर्वांत मोठा दोष या वेळापत्रकातच असतो. उद्योग एका रकान्यात आणि संस्कृती दुसऱ्या रकान्यात टाकली की दोन्ही कळेनाशी होतात, कारण चिनी व्यापाराचे नियम, सवयी आणि भीती या सगळ्यांची मुळे त्या समाजाच्या इतिहासात आहेत.

या प्रकारच्या शिक्षणाला चीनने १९७८ नंतर दार उघडले. १९८६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि नानजिंग या विद्यापीठांनी नानजिंगमध्ये संयुक्त केंद्र सुरू केले. चिनी आणि परदेशी विद्यार्थ्यांनी एकाच खोलीत राहायचे, ही त्याची खासियत. १९९४ मध्ये युरोपीय संघ आणि चिनी सरकार यांच्या सहकार्याने शांघायमध्ये व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. २००४ मध्ये ब्रिटनच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने निंगबोत, तर २०१३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाने शांघायमध्ये वर्ग भरवायला सुरुवात केली. छोट्या सहलींना व्याख्याते, दुभाषे आणि कंपन्यांच्या ओळखी अनेकदा अशाच संस्थांतून मिळतात.

शांघायमध्ये विद्यार्थ्यांना आधी पुडोंग दाखवले जाते. हुआंगपू नदीच्या पूर्वेकडच्या या भागाच्या विकासाची घोषणा १९९० मध्ये झाली आणि त्याच वर्षी शहरात शेअर बाजार पुन्हा सुरू झाला. ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर आज तिथेच उभा आहे. मात्र शिकण्यासारखे जास्त आहे ते नदीच्या पश्चिम काठावर. तिथली दगडी इमारतींची रांग परकीय बँका आणि व्यापारी पेढ्यांनी बांधलेली आहे. हिरव्या निमुळत्या छपराचे जे हॉटेल लांबूनही ओळखू येते, ते १९२९ मध्ये व्हिक्टर ससून यांनी उभारले. पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईचा ससून डॉक ज्या घराण्याच्या नावाने ओळखले जातात, तेच हे घराणे. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी १८३०च्या दशकात मुंबईत पेढी थाटली आणि १८४४ मध्ये आपला मुलगा इलियास याला चीनला पाठवले. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात असे आणि मुंबईतल्या अनेक धनाढ्य व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा वाटा होता. अफूच्या पहिल्या युद्धात चीन हरला, १८४२च्या नानजिंग तहाने शांघायसह पाच बंदरे परकीयांना खुली करावी लागली, आणि ही मानहानी चिनी शाळेत आजही मन लावून शिकवली जाते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर त्या हॉटेलसमोर थोडे जास्त थांबायला हवे; त्या इतिहासात मुंबईही आहे.

इथे उद्योगाचे नियमही वेगळे दिसू लागतात. परकीय मोटार कंपनीला चीनमध्ये कारखाना काढायचा तर स्थानिक भागीदार हवा आणि परकीय हिस्सा निम्म्याहून जास्त नको, ही अट कित्येक वर्षे लागू होती. फोक्सवॅगनने १९८४ मध्ये शांघायमध्ये भागीदारीचा करार केला. पूर्ण मालकीचा मोटार कारखाना चालवण्याची मुभा प्रथम टेस्लाला मिळाली, त्यांच्या शांघाय कारखान्यातून २०१९ च्या अखेरीस गाड्या बाहेर पडल्या आणि प्रवासी गाड्यांसाठीची अट २०२२ मध्ये उठली. पाठ्यपुस्तकात याला तंत्रज्ञान मिळवण्याची युक्ती म्हणतात, आणि ती होतीही. पण दार आपल्या हाताने आणि आपल्याला हवे तेवढेच उघडायचे, हा हट्ट नदीकाठच्या त्या इमारतींकडे पाहिल्याशिवाय नीट समजत नाही.

शांघायहून वेगवान रेल्वेने दोनेक तासांत ईवू येते. बहुतेक सहली हे गाव गाळतात, आणि ही मोठीच चूक आहे. झेजियांग प्रांतातल्या या भागाची लाल माती फारशी पिकाऊ नव्हती. शेतीची कामे संपली की इथले पुरुष खांद्यावर कावड घेऊन, हातातले खुळखुळ्यासारखे डमरू वाजवत गावोगाव फिरत. कावडीत उसाच्या गुळाच्या वड्या असत. त्या देऊन कोंबडीची पिसे घ्यायची, चांगल्या पिसांचे झाडणे करायचे, उरलेली भाताच्या खाचरात खत म्हणून टाकायची. पुढे सुया, दोरे, बटणेही कावडीत आली. माओंच्या काळात हा व्यापार गुन्ह्यात जमा होता, तरी तो लपूनछपून चालूच राहिला. १९८२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे तालुका सचिव शिए गाओहुआ यांनी धोका पत्करून रस्त्यावरच्या विक्रेत्यांना परवानगी दिली आणि सप्टेंबरमध्ये सरकारमान्य बाजार भरला. बीजिंगहून आदेश येण्याआधी खालच्या स्तरावर कोणीतरी पाऊल उचलायचे, ते जमले की वरून मान्यता मिळायची: चीनच्या आर्थिक सुधारणांतले पुष्कळ काही असेच घडले, आणि ते समजण्यासाठी ईवूइतके उत्तम ठिकाण नाही.

आज ईवूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारनगरीत सुमारे ७५,००० गाळे आहेत. प्रत्येकापाशी तीनच मिनिटे थांबले आणि रोज आठ तास फिरले, तरी सगळे पाहायला सव्वा वर्षाहून अधिक काळ लागेल. गाळा लहानसा. तीन भिंतींवर नमुने टांगलेले आणि बहुतेक नमुन्यांना चिठ्ठी: मालाचा क्रमांक, एका खोक्यात किती नग, खोक्याचे घनमाप, वजन. विक्रेती गणकयंत्रावर आकडा टाइप करून गिऱ्हाइकापुढे धरते. गिऱ्हाईक तो पुसून आपला आकडा टाकते. एक नग मागितला तर बहुधा मिळत नाही. बोलणे खोक्यांचे असते. भाव जुळला की साधारण तीस टक्के इसार, उरलेली रक्कम माल गोदामात पोचल्यावर. वेगवेगळ्या गाळ्यांतला माल एका कंटेनरमध्ये भरून पाठवण्याचे काम दलाल करतात, त्यांची दलाली काही टक्के. ख्रिसमसच्या सजावटीचा मोठा व्यापार इथून होतो. मुंबईच्या लोहार चाळीत दिवाळीच्या आधी लटकणाऱ्या दिव्यांच्या चिनी माळाही अशाच घाऊक साखळ्यांतून येतात. भारतीय व्यापाऱ्यांची ये-जा इतकी, की गावात भारतीय खाणावळी आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये इथून माद्रिदला थेट मालगाडी निघाली. तिचा मार्ग सुमारे १३,००० किलोमीटरचा. विद्यार्थ्यांना दोघा-दोघांच्या जोड्यांनी एखाद्या वस्तूचा भाव काढायला पाठवले, तर वर्गातल्या आठवड्यापेक्षा त्या दुपारी जास्त शिकून होते.

ईवूत भाव कळतो; दर्जासाठी व्यवस्थापनाच्या वर्गात छिंगदाओच्या हायर कंपनीची कथा हमखास शिकवली जाते. १९८५ मध्ये कारखान्याचे संचालक झांग रुइमिन यांनी ७६ सदोष फ्रीज बाजूला काढून कामगारांच्याच हातून घणाने फोडले. त्या काळी एका फ्रीजची किंमत कामगाराच्या जवळपास दोन वर्षांच्या पगाराएवढी होती. टंचाईच्या बाजारात सदोष मालही खपला असता, म्हणून तो प्रसंग इतका गाजला. याच कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे.

शेन्झेनला १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. हुआवेई १९८७ मध्ये, टेन्सेंट १९९८ मध्ये इथेच निघाल्या. हुआछियांगबेईच्या बहुमजली बाजारात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकत घेऊन त्याच परिसरात जोडून नमुना तयार करता येतो. नवी उपकरणे घडवणारे लोक जगभरातून इथे येतात ते याच वेगासाठी. पण सहलीच्या बसमधून दिसत नाही ते इथले माणसांचे गणित. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख भरली, आणि तिच्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक लोकांची कुटुंब-नोंदणी, म्हणजे हुकोऊ, या शहराची नव्हती. १९५८ पासून चालत आलेल्या या नोंदणीवर मुलांची सरकारी शाळा आणि कितीतरी सवलती अवलंबून असतात. म्हणून आईबाप कारखान्यात आणि मूल गावी आजी-आजोबांकडे, अशी लाखो घरे आहेत. वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, हे कामगार गावी परततात; तेव्हा कारखाने काही आठवडे का थंडावतात आणि परदेशातल्या खरेदीदाराला मालाच्या तारखा त्याप्रमाणे का ठरवाव्या लागतात, याचे उत्तर यात आहे. नववर्षाला सण म्हणून संस्कृतीच्या तासाला शिकवणे म्हणूनच अपुरे आहे.

यजमान कंपनीने दिलेले जेवण हा सहलीतला फार मोलाचा तास. गोल टेबल, मध्यभागी फिरती तबकडी. मुख्य यजमान दाराकडे तोंड करून बसतो, मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. तबकडीवर आलेला पदार्थ आधी पाहुण्यापुढे थांबतो. पेले टेकवताना धाकट्याने आपल्या पेल्याची कड थोरल्याच्या कडेहून खाली ठेवायची. दोघेही मान देऊ लागले तर दोन्ही पेले टेबलापर्यंत खाली जातात. ग्वांगदोंगकडे कोणी चहा ओतला की दोन बोटे टेबलावर हलकेच आपटून आभार मानतात. व्यवहाराचे बोलणे बहुधा उशिरा निघते. न्यायालयावर फारसा भरवसा नसलेल्या समाजात माणूस पारखून, कोणाच्या तरी ओळखीने व्यवहार करण्याची रीत रुजली. करारपत्रे आज काटेकोर असतात, तरी ती रीत टिकून आहे. तिला केवळ शिष्टाचार म्हणून शिकवणारा प्राध्यापक विद्यार्थ्यांचे नुकसान करतो.

या सहलींच्या मर्यादाही ठळक आहेत. कारखान्यात ठरलेल्या मार्गानेच फिरवले जाते, कामगारांशी मोकळे बोलणे होत नाही, आणि खासगी कंपन्यांमध्येही पक्षाची शाखा असते हे सादरीकरणात क्वचितच येते. गूगल चालत नाही. वीचॅट आणि अलीपे या पैसे देण्याच्या ॲपवाचून भाजीसुद्धा घेणे अवघड, म्हणून ती तयारी निघण्यापूर्वीच करावी लागते.

आता जाणारेच रोडावले आहेत. २०११-१२ मध्ये अमेरिकेचे सुमारे १४,९०० विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते. कोविडच्या महासाथीनंतर २०२१-२२ मध्ये ते २११ वर आले आणि पुढच्या वर्षी ४६९ झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शी जिनपिंग यांनी पाच वर्षांत ५०,००० अमेरिकी तरुणांना बोलावण्याची घोषणा केली. भारतातून महासाथीपूर्वी वीस हजारांहून अधिक विद्यार्थी चीनमध्ये होते, त्यांतले बहुतेक वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले. २०२० पासून बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझोऊ मार्गाने पुन्हा सुरू झाली. ग्वांगझोऊहून शेन्झेन रेल्वेने तासाभराच्याही आत गाठता येते.