काळी खिडकी काय सांगते?

आपल्या मंडळाच्या जुन्या अंकांची सूची आता मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे. ती कमांड लाइनवरून उघडावी लागते आणि एरर दिसली की बरेच जण ती काळी खिडकीच बंद करून टाकतात. पण सूची एकदोघांनाच उघडता येत असेल, तर ते पास होऊन गेल्यावर ती असून नसल्यासारखीच. म्हणून मी हे लिहितेय. आपण साहित्याचे विद्यार्थी; एरर हेही एक वाक्यच आहे, ते शेवटपर्यंत वाचायचं.

कमांड सापडत नाही, असं आलं तर: प्रोग्राम कुठे आहे हे कॉम्प्युटरला माहीत नाही. तो इन्स्टॉल केलेला नाही किंवा त्याचं 'बिन' फोल्डर 'पाथ'मध्ये घातलेलं नाही.

२००२ किंवा २००३: प्रोग्राम चालला, पण सर्व्हरपर्यंत पोचला नाही. बहुतेक वेळा सर्व्हर सुरूच नसतो. विंडोजवर 'सर्व्हिसेस'मध्ये बघा. सुरू असेल तर होस्टचं नाव आणि पोर्ट तपासा. नेहमीचा पोर्ट ३३०६. इथे पासवर्ड बदलून काही होत नाही, कारण गोष्ट अजून पासवर्डपर्यंत आलेलीच नाही.

१०४५: सर्व्हर भेटला, पण आत घेत नाही. ओळीच्या शेवटी 'यूझिंग पासवर्ड: नो' असेल तर पासवर्ड गेलाच नाही, कमांडमध्ये 'हायफन पी' घाला. 'येस' असेल तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय, नाहीतर त्या मशीनवरून त्या नावाला परवानगी नाही. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर अक्षरं दिसत नाहीत; विंडोजवर नुसत्या तारका उमटतात, लिनक्स किंवा मॅकवर तर काहीच नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो!

१०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस नाही, स्पेलिंग बघा. १०४४ म्हणजे डेटाबेसला हात लावायची परवानगी नाही. ती सूची सांभाळणाऱ्याकडे मागा.

आत गेल्यावर एंटर दाबूनही नुसता बाणच येत राहिला, तर वाक्य अपुरं आहे. अर्धविराम द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर नवीन नोंदी थांबवा. 'सेट नेम्स यूटीएफएटएमबीफोर' देऊन पुन्हा बघा. अक्षरं दिसली तर ठीक. पण प्रश्नचिन्हंच साठवली गेली असतील, तर कवीचं नाव त्यातून परत मिळत नाही. जुना अंक काढून पुन्हा टाइप करावं लागतं.

मदत मागताना 'चालत नाहीये' एवढंच लिहू नका. एररचा आकडा आणि पूर्ण ओळ पाठवा. पासवर्ड मात्र पाठवू नका.