अर्धा तास आधी, तीस दिवस नंतर

किरणोत्सारापासून वाचवणाऱ्या औषधांच्या प्रयोगात प्रत्यक्ष गॅमा किरणांचं काम काही मिनिटांत उरकतं. कस लागतो तो त्याआधीच्या अर्ध्या तासात आणि नंतरच्या तीस दिवसांत. संशोधक विद्यार्थी असताना मी हे काम केलं आहे.

उंदराला मानेच्या सैल कातडीला धरून उताणा करायचा, डोकं थोडं खाली. आतडी छातीकडे सरकली, की पोटाच्या खालच्या उजव्या बाजूला बारीक सुई. एका गटाला ॲमिफॉस्टिन हे औषध, दुसऱ्याला नुसतं सलाइन. मग अर्धा तास थांबायचं. एवढ्या वेळात पेशींवरचं अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर औषधातला फॉस्फेट काढून टाकतं आणि गंधकाचा थायॉल गट मोकळा होतो. मग उंदीर भोकं असलेल्या डब्यात, डबा कोबाल्ट-60 च्या यंत्रात.

किरणांनी पेशीतलं पाणी फुटतं, त्यातून निघालेली मुक्त मूलकं डीएनएवर तुटून पडतात. हे सगळं निमिषाच्याही आत घडतं. त्यामुळे मूलकांना अडवणारा थायॉल तिथे आधीच हजर असावा लागतो. मागाहून दिलेल्या ॲमिफॉस्टिनचा उपयोग होत नाही.

पहिले काही दिवस दोन्ही पिंजरे सारखेच दिसतात. मग सलाइनच्या गटात केस विस्कटतात, पाठीला कुबड येतं, रोजच्या वजनात घट दिसू लागते. अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होत नसतात. संसर्ग आणि रक्तस्राव दुसऱ्या आठवड्यात गाठतात. फार खंगलेल्या प्राण्याला यातना न देता मारायचं आणि नोंद मृत्यू म्हणूनच करायची. तिसाव्या दिवशी किती जगले, यावर औषधाचा निकाल.

औषध आधी देण्याची ही वाट 1949 मध्ये उघडली. अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेत हार्वे पॅट आणि सहकाऱ्यांनी सिस्टीन आधी देऊन क्ष-किरणांपासून रॅट जातीचे उंदीर वाचवले. 1951 मध्ये बेल्जियमच्या झेनों बाक यांनी सिस्टिॲमीनचाही हाच गुण दाखवला. पुढे अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने चार हजारांहून अधिक संयुगं तपासली. त्यातलं सर्वांत नावाजलेलं ॲमिफॉस्टिन. मळमळ आणि रक्तदाब घसरणं या त्रासांमुळे सैनिकांच्या खिशात ते पोहोचलं नाही. 1999 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती डोक्या-मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यांचं तोंड कोरडं पडू नये म्हणून.

माणसाला मुद्दाम घातक मात्रा देऊन औषध पारखता येत नाही. किरणं लागल्यावर द्यायच्या फिलग्रास्टिमलाही 2015 मध्ये मान्यता मिळाली ती प्राण्यांवरच्या पुराव्यावर. हा पुरावा जिवांच्या मोलाने मिळतो. म्हणून या कामात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझं सांगणं आहे : प्राणी गरजेपुरतेच घ्या, हात नीट बसल्याशिवाय सुई धरू नका आणि तिसाव्या दिवसापर्यंतची प्रत्येक नोंद खरी ठेवा.