पिन उजळली, टार्गेटचं काय?

मधुमेहाच्या ओपीडीत लोक साखर सोडून बाकी सगळं विचारतात, याची मला सवय आहे. कोणी गुडघ्याला चोळायचं तेल विचारतं, कोणी मुलाच्या ॲडमिशनचं. पण गेल्या डिसेंबरात वाकोल्याच्या एका गृहस्थांनी माझ्यासमोर मोबाइल धरला आणि म्हणाले, "डॉक्टर, संध्याकाळी कमी उजेडात नीट दिसेल अशी यातली कुठली साइट घेऊ?"

फोटो धनुष्याच्या साइटचे होते. धनुष्यावर पुढे बसवायचं एक गोल कडं, त्यात हिरव्या, लाल, पिवळ्या चमकत्या टाचण्या. वय बावन्न, नोकरी बीकेसीत, मधुमेह बारा वर्षांचा. नववीतली मुलगी तिरंदाजी शिकते. तिला मैदानावर सोडता-आणता यांनीही कंपाउंड धनुष्य हातात घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, "साताऱ्याच्या अदितीला टीव्हीवर बघितलं ना, तेव्हापासून." ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. दोघेही साताऱ्याच्या एकाच अकादमीत घडलेले, आणि त्या अकादमीचं नाव 'दृष्टी'. त्यानंतर आमच्या गृहस्थांसारखे किती बाप मैदानावर उतरले असतील, कोण जाणे.

त्यांची अडचण अशी. ऑफिसातून सुटून मैदानावर पोहोचेपर्यंत सहा वाजतात आणि डिसेंबरात मुंबईचा सूर्यही सहाच्याच सुमारास मावळतो. पहिले दहा बाण बरे जातात, मग टार्गेट पुसट होत जातं. म्हणून त्यांनी आधी एक महागडी साइट घेतली, मग तिच्यावर लावायचा बॅटरीचा दिवा घेतला. तरी नेम चुकतच होता. आता तिसरी साइट घ्यायची होती. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी बनवलेली, जाहिरातीत जंगल आणि हरीण असलेली.

मी फिजिशियन आहे, नेत्रतज्ज्ञ नाही आणि धनुष्य तर मी जत्रेतसुद्धा धरलेलं नाही. पण प्रश्न डोळ्याचा होता, म्हणून खुर्ची पुढे ओढली.

आधी त्या जाहिरातीबद्दल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा उल्लेख नावानिशी आहे. अमेरिकेत धनुष्यानं शिकार चालते. तिथल्या बऱ्याच राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत मुभा असते आणि ही साइट त्या अर्ध्या तासासाठी बनवलेली असते. पण तिकडचा अर्धा तास आणि वाकोल्यातला अर्धा तास सारखे नाहीत. मुंबई १९ अक्षांशावर आहे. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून कामापुरता संधिप्रकाश २२ ते २५ मिनिटांत आटोपतो. उत्तरेकडच्या देशांत तोच जास्त रेंगाळतो. सूर्यास्ताला जमिनीवर साधारण ४०० लक्स उजेड असतो, त्या पंचविसेक मिनिटांच्या शेवटी तीन-चार लक्स उरतो. म्हणजे एक सामोसा आणि चहा होईस्तोवर उजेड शंभर पटींनी कमी झालेला असतो. आणि डोळा इतक्या वेगानं बदलत नाही.

आपल्या दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. भरपूर उजेडात काम करणाऱ्या, रंग आणि बारकावे दाखवणाऱ्या शंकूपेशी साधारण साठ लाख. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे बारा कोटी. अंधारात गेल्यावर शंकूपेशी पाच-दहा मिनिटांत जमेल तेवढं जुळवून घेतात, दंडपेशींना मात्र पुरी ताकद यायला अर्धा तास तरी लागतो. त्यात खोच अशी की दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच. चांदणी नेमकी बघायला गेलं की दिसत नाही, जरा बाजूला नजर ठेवली की दिसते, ते याचमुळे. नेम धरणारा माणूस मात्र बाजूला बघू शकत नाही. तो वापरतो नेमका तोच मध्यबिंदू, जो उजेड कमी झाल्यावर सर्वांत आधी हात टेकतो.

रंगांचंही तसंच. दिवेलागणीला बागेतलं लाल जास्वंद काळपट दिसू लागतं आणि निळी गोकर्ण उठून दिसते, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं ते टिपलं, म्हणून आम्ही त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतो. तिरंदाजीच्या टार्गेटवर मध्ये पिवळा, मग लाल, निळा, काळा, पांढरा असे पट्टे असतात. संध्याकाळी त्यातला लाल पट्टा आधी काळवंडतो. साइटवरची लाल टाचणीही तशीच मंदावते. म्हणून कमी उजेडासाठी टाचणी निवडायचीच तर हिरवी. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना मुळातच कळत नाही, आणि पुरुषांत असे बरेच असतात, त्यांनी तर लाल-हिरव्या टाचण्यांची सरमिसळ असलेली साइट घेऊच नये.

"म्हणजे हिरवी आणि जास्तीत जास्त ब्राइट," गृहस्थ म्हणाले. इथेच त्यांची गाडी चुकत होती.

ती टाचणी म्हणजे प्लास्टिकचा चमकणारा तंतू असतो. आजूबाजूचा उजेड अंगभर शोषून तो टोकाशी आणून सोडतो. तंतू जितका लांब, तितकं टोक उजळ. बॅटरीचा दिवा लावला की आणखी उजळ. पण उजळलं ते टोक. टार्गेट होतं तेवढंच अंधारात राहिलं. काळोखात चमकता ठिपका खरा असतो त्यापेक्षा मोठाही दिसतो. अर्ध्या मिलिमीटरची टाचणी डोळ्यापासून ८० सेंटिमीटरवर असेल तर ५० मीटरवरच्या टार्गेटचा तीनेक सेंटिमीटर भाग झाकते. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ आहे आठ सेंटिमीटरचं. ठिपका फुगून दुप्पट दिसला की वर्तुळात दिसायला उरलं काय? शिवाय मोतीबिंदूची नुसती सुरुवात असली तरी तो झगमगाट डोळ्यात पसरतो आणि पलीकडच्या मंद टार्गेटवर दुधाळ पडदा धरतो. म्हणून दिव्याला प्रखरता कमी करायचं बटण असेल तरच तो दिवा घ्यावा, आणि टाचणी जेमतेम दिसेल इतकाच ठेवावा.

साइट निवडताना सगळे पुढचं कडं बघतात. माझ्या मते कमी उजेडातला खरा निर्णय मागच्या पीपचा. पीप म्हणजे धनुष्याच्या दोरीत बसवलेली भोकाची चकती. दोरी ओढल्यावर ती डोळ्यासमोर येते आणि तिच्यातून पुढची टाचणी व टार्गेट बघायचं असतं. लांबून येणारा प्रकाश आधी या भोकातून आणि मग डोळ्याच्या बाहुलीतून जातो. दोहोंत जे लहान, तेवढाच उजेड आत. तरुणपणी अंधारात बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. जुन्या मधुमेहात नसा बधिरतात तेव्हा ती आणखी आखडते.

गृहस्थांचं पीप होतं एक अष्टमांश इंचाचं, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. मी केसपेपरच्या मागेच हिशेब मांडला. उजेड भोकाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे येतो. त्यांची बाहुली पाच मिलिमीटर धरली तर पंचवीसातले नऊ. जवळजवळ दोन तृतीयांश उजेड ते पीपच्या बाहेरच टाकत होते आणि पुढे बॅटरी लावत होते! भोक तीन षोडशांश इंचाचं, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरचं केलं तर नव्वद टक्के उजेड आत येतो. आणि पाव इंचाचं, सहा मिलिमीटरचं केलं तर? आजूबाजूचं जास्त दिसेल, पण टार्गेट आणखी उजळ होणार नाही, कारण आता अडवते आहे ती बाहुली. त्यांच्या मुलीला मात्र त्या पाव इंचाचा पुरेपूर फायदा होईल. एकच पीप बापाला आणि लेकीला सारखं का नसावं, ते या हिशेबात आहे.

मग सगळ्यांनीच मोठं भोक का घेऊ नये? बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं दोन्ही रेखीव दिसतं. चाळिशी लागलेल्या डोळ्याला टाचणी आणि टार्गेट एकदम स्पष्ट हवं असतं, आणि लहान पीप ते फुकटात देतं. भोक वाढवलं की टाचणी पसरट दिसू लागते. त्यावर उपाय नंबर तपासण्याचा. साइट पुन्हा बदलण्यानं तो सुटत नाही. भोक मोठं असलं तर साइटचं गोल कडं पीपच्या गोलात बरोब्बर बसवून मगच नेम धरायचा, म्हणजे डोळा मधोमध राहतो.

नंबर दिवसा तपासला आणि बरोबर निघाला तरी संध्याकाळी तो थोडा बदलू शकतो. अंधुक उजेडात डोळ्याला कशावर रोखायचं ते कळत नाही, तो आपसूक जरा जवळ रोखून बसतो. त्यामुळे अर्ध्या-एक नंबरापर्यंत लांबचं पुसट होतं. मॅस्कलीन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १७८९ मध्येच स्वतःच्या डोळ्यात हे पाहिलं होतं. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा आणि त्यातून साइटचा चमकता ठिपका बघा. नुसत्या डोळ्याला तो चांदणीसारखा फाटलेला आणि भोकातून गोल दिसला, तर दोष बहुधा नंबराचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, दुकानात नको.

हे सगळं मी सांगत होतो तेव्हा गृहस्थ गप्प होते. मग म्हणाले, "पण अर्जुन तर अंधारात सराव करायचा ना?" जेवताना वाऱ्यानं दिवा विझला तरी हात नेमका तोंडाशी जातो, हे पाहून अर्जुनानं रात्री बाण मारायला सुरुवात केली, ती महाभारतातली गोष्ट. मी म्हटलं, "करायचा. पण दशरथही आठवा."

शरयूच्या काठी रात्री पाण्यात घडा बुडाल्याचा आवाज झाला आणि हत्ती पाणी पितोय असं वाटून दशरथानं बाण सोडला. नेम अचूक होता. समोर श्रावणबाळ होता. अंधारातल्या तिरंदाजीचा सगळा धोका मला या गोष्टीत दिसतो. बाण कुठे जाणार हे कळणं वेगळं, तिथे कोण आहे हे कळणं वेगळं. उजळ टाचणी पहिलं सांगते. दुसऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही, उलट आपल्याला दिसतंय असा भरवसा मात्र देते.

त्यावर त्यांनी खाली बघत जे सांगितलं, ते मोबाइल दाखवताना सांगितलं नव्हतं. आदल्या आठवड्यात सव्वासहाच्या पुढे दोरी पूर्ण ओढलेली, टाचणी झकास चमकत होती. शेजारून मुलगी ओरडली, "पप्पा, थांबा!" टार्गेटच्या मागे, गवतात हरवलेला बाण शोधत एक मुलगा वाकला होता. काळा टी-शर्ट. यांना तो दिसलाच नव्हता. मुलीला दिसला.

साठीच्या डोळ्यात अंधुक उजेडात विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. बाहुली आखडते, भिंग पिवळं पडतं. बावन्नाव्या वर्षी माणूस त्या वाटेवर बराच पुढे आलेला असतो. मुलीनं बघितलं आणि बापानं नाही, यात निष्काळजीपणा थोडा, शरीरशास्त्र जास्त.

मी त्यांना डोळ्यांच्या विभागात पाठवलं. बाहुली मोठी करून पडदा तपासला. बारा वर्षांच्या मधुमेहात ही तपासणी दर वर्षी व्हायला हवी, यांची चार वर्षांत झाली नव्हती. पडद्यावर मधुमेहाच्या अगदी सुरुवातीच्या खुणा, दोन्ही भिंगांत कोवळा मोतीबिंदू आणि लांबचा पाऊण नंबर. पडद्यावर पुढे लेझर करायची वेळ आली असती तर अंधारातली नजर आणखी कमी झाली असती. 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ का, असंही त्यांनी विचारलं. लहान मुलांचा रातांधळेपणा त्या जीवनसत्त्वाच्या अभावानं होतो, म्हणून नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात त्याचे डोस देतात. पण जेवणात कमतरता नसलेल्या बावन्न वर्षांच्या माणसाला ते जास्त घेऊन जास्त दिसत नाही. यकृताला त्रास मात्र होऊ शकतो.

तिसरी साइट त्यांनी घेतली नाही. लांबच्या नंबराचा चष्मा आला, पीप तीन षोडशांशाचं झालं. जुन्याच साइटवर एकच हिरवी टाचणी ठेवून बाकीच्या काढल्या, दिवा सर्वांत मंद. दोन फेऱ्यांच्या मधे मोबाइल बघायचं बंद केलं. पाच सेकंद उजळ स्क्रीन बघितली की डोळ्यानं दहा मिनिटं कमावलेलं बरंचसं जातं. आणि प्रत्येक फेरीआधी धनुष्य खाली ठेवून, पीपशिवाय, दोन्ही डोळ्यांनी टार्गेटकडे बघायचं. आधी मारलेल्या बाणांची पिसं वेगवेगळी दिसत नसतील आणि टार्गेटच्या मागची जागा रिकामी असल्याचं दिसत नसेल, तर त्या दिवशीचा सराव संपला. हे ठरवायचा अधिकार त्यांनी मुलीला दिला आहे.

जानेवारीत सूर्य थोडा उशिरा मावळायला लागला तेव्हा ते पुन्हा आले. संध्याकाळी जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात, म्हणून आता रविवारी सकाळी सातला मैदानावर जातात म्हणाले. मुलीचे गुण त्यांच्यापेक्षा जास्त येतात, ते सकाळीही. एचबीएवनसी मात्र अजून आठच्या वर होतं, तेव्हा त्या दिवशी उरलेला वेळ आम्ही साखरेवर बोललो.