आधी बोर्ड, मग प्रोसेसर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट्स थांबवले आणि अनेक घरांतले ठणठणीत चालणारे डेस्कटॉप म्हातारे ठरले. विंडोज ११ ला, किरकोळ अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर लागतो, नाहीतर त्यापुढचा. त्याआधीचे अधिकृत यादीत बसत नाहीत. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात प्रश्न येतो तो एकच: नुसता प्रोसेसर बदलून भागेल, की सगळंच काढावं लागेल?

त्याचं उत्तर प्रोसेसरखालच्या मदरबोर्डमध्ये असतं. बोर्डवरच्या ज्या चौकोनात प्रोसेसर बसतो तो सॉकेट. पुढच्या पाच-सात वर्षांत खर्च दहा हजारांचा होणार की चाळीस हजारांचा, हे बरंचसं तोच ठरवतो.

२०१७ साली दोघांनी पीसी असेंबल करून घेतला असं समजू. एकाने इंटेलचा आय५-७४०० घेतला, बी२५० बोर्डवर. दुसऱ्याने तेव्हा नव्याने आलेला रायझन ५ १६००, बी३५० बोर्डवर. तेव्हा दोघांचाही निर्णय शहाणाच होता. आज मात्र त्यांचे रस्ते वेगळे आहेत.

आय५वाल्याचा सॉकेट एलजीए ११५१. त्याच वर्षी इंटेलची आठवी पिढी आली. सॉकेटचं नाव तेच, पिनांची संख्याही तीच, पण जुन्या बोर्डवर ती चालेना. वीजपुरवठ्याची गरज बदलली, असं इंटेलचं म्हणणं होतं. ग्राहकाच्या हाती मात्र एवढंच उरलं की त्याच बोर्डवर फार तर सातव्या पिढीचा आय७ बसेल, आणि तोही विंडोज ११ च्या यादीत नाही. थोडक्यात, बोर्डसकट सगळं बदला.

रायझनवाल्याचा सॉकेट एएम४. त्यावर एएमडीने एकामागून एक पिढ्या बसवल्या. हे सुखासुखी झालं नाही. रायझन ५००० मालिका फक्त नव्या ५०० मालिकेच्या चिपसेटच्या बोर्डवर चालेल, असा कंपनीचा २०२० मधला पवित्रा होता. ग्राहक भडकले, तेव्हा ४०० मालिकेच्या बोर्डांना परवानगी मिळाली, आणि २०२२ मध्ये ३०० मालिकेलाही. त्यामुळे २०१७ च्या बी३५० बोर्डवर, उत्पादकाने बायोसचं (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट दिलं असेल तर, रायझन ५ ५६०० बसतो. गेमिंगचा शौक असेल तर मोठ्या कॅशचा रायझन ७ ५८००एक्स३डीसुद्धा. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच.

‘असेल तर’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. बोर्डच्या नेमक्या मॉडेलसाठी उत्पादकाच्या संकेतस्थळावर ‘सीपीयू सपोर्ट लिस्ट’ असते. कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो ते तिथे दिलेलं असतं. मॉडेल पाहायला कॅबिनेटही उघडावं लागत नाही. विंडोजच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीत ते सापडतं. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं. आधी नवा बसवला की पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. २०१८ मध्ये नव्या रायझनच्या ग्राहकांवर हीच वेळ आली, तेव्हा एएमडीने बायोस अपडेट करण्यापुरते प्रोसेसर उसने दिले होते! आता अनेक बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते. पन्नास-शंभर रुपयांच्या फरकात ती मिळत असेल तर सोडू नये.

आय५वाल्यानेही हताश व्हायचं कारण नाही. त्याच्याकडची रॅम बहुधा डीडीआर४ आहे, आणि एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅम कमालीची महागली. एएमडीचा एएम५ आणि इंटेलचा एलजीए १८५१ हे नवे सॉकेट फक्त डीडीआर५ घेतात. इंटेलच्या आधीच्या एलजीए १७०० सॉकेटच्या बोर्डांत मात्र डीडीआर४चेही प्रकार आहेत. असा बोर्ड आणि आय५-१२४०० घेतला तर जुनी रॅम पुढे चालवता येते. टॅली, ऑनलाइन वर्ग, फोटो, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग यांना ही जोडी भरपूर आहे. पुढची अनेक वर्षं सुटे भाग बदलत राहायची हौस असेल, तर एएम५ बरा. त्याला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे.

प्रोसेसरवर सगळे पैसे उधळून उरलेल्या चिल्लरीत बोर्ड घ्यायचा, ही बाजारातली लाडकी चूक. आय५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॅटपर्यंत जातो. आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत. स्वस्तातल्या एच६१० बोर्डवर हा आय९ बसतो, सुरूही होतो. पण वीज पुरवणारा भाग तापला की वेग खाली येतो आणि आय९चे पैसे वाया जातात. शिवाय इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये बायोसमधून दुरुस्ती आली, कंपनीने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण झालेली झीज अपडेटने भरून निघत नाही. असा प्रोसेसर सेकंडहँड मिळत असेल तर दुरून नमस्कार.

नावातली अक्षरंही वाचावीत. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. रायझन ५६०० मध्येही नाही; ५६००जी मध्ये आहे. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्याने हे विसरलं तर मॉनिटर काळाच राहतो. मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये आणखी एक गोम असते: बोर्डचा आकार आणि एसएमपीएसच्या जोडण्या बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या, त्यामुळे बाजारातला बोर्ड त्यात बसेलच असं नाही.

प्रत्यक्ष बदलतानाही जपावं. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. थर्मल पेस्ट सुकलेली असेल तर कूलर सरळ वर ओढू नये, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग बंद करून कूलर हलक्या हाताने डावीउजवीकडे फिरवून सोडवावा. आणि या सगळ्याआधी विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. प्रोसेसर किंवा बोर्ड बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं कुलूपबंदच राहतात.