विरजणाचे अर्थशास्त्र

रसायनाच्या कारखान्यात कोणती प्रक्रिया वापरावी, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांनी सोडवावा, असा आपला समज असतो. परंतु ठाणे-कल्याण पट्ट्यातील नागरिकाला तो परका मानता येत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी आणि पुन्हा 23 मे 2024 रोजी भीषण स्फोट झाले, माणसे दगावली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. नौपाड्यात सकाळी वर्तमानपत्र उघडणाऱ्या कारकुनाचे वा शिक्षकाचे आप्त त्या बाजूला राहतात. कारखान्याच्या हिशेबवहीत कधीच न चढणारा हा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे.

रासायनिक संश्लेषणाची रूढ रीत ही बळाची रीत आहे. उच्च तापमान वा गोठविणारी थंडी, मोठा दाब, तीव्र आम्ले आणि ज्वालाग्राही द्रावके यांच्या जोरावर रेणू जोडावयाचे अथवा तोडावयाचे. निसर्गाची रीत निराळी आहे. दुधात चमचाभर विरजण पडले की रात्रीतून दही होते. त्यातील जीवाणूंची विकरे, म्हणजेच एन्झाइमे, दुधातील साखरेचे आम्ल करतात, तेही स्वयंपाकघराच्या उबेत. विकर हे प्रथिनरूप उत्प्रेरक होय. ते प्रक्रिया वेगाने घडविते आणि स्वतः खर्ची पडत नाही. यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला रसही साखर आंबवितो, हे एडुआर्ड बुख्नर यांनी 1897 साली दाखविले, तेव्हा हे काम जिवंत पेशीबाहेरही करून घेता येते, हे सिद्ध झाले.

याचे उद्योगातील उत्तम उदाहरण पेनिसिलीनचे आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. ॲम्पिसिलीन, ॲमॉक्सिसिलीन यांसारखी पुढची औषधे करावयाची, तर मूळ रेणूची एक शाखा छाटून ‘6-एपीए’ हा गाभा मिळवावा लागतो. अडचण अशी की, गाभ्यातील चौकोनी कडे त्या शाखेच्या बंधापेक्षा नाजूक असते. नको ते आधी तुटते. म्हणून रासायनिक रीतीत उणे 40 अंशांच्या आसपास थंडी राखून फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी दाहक द्रव्ये आणि क्लोरीनयुक्त द्रावके वापरावी लागत. पेनिसिलीन ॲसायलेज हे विकर मात्र नेमका हवा तोच बंध तोडते, आणि तेही पाण्यात, सौम्य उष्णतेत.

तरीही जगभरच्या कारखानदारांनी ही रीत स्वीकारली, ती पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे. विकर महाग असते. एकदा वापरून फेकून द्यावयाचे, तर ते परवडत नाही. ते घन कणांवर जखडून ठेवता आले, प्रक्रियेनंतर गाळून पुन्हा पुन्हा वापरता आले, तेव्हा एकदा केलेला खर्च अनेक खेपांवर विभागला गेला आणि गणित जुळले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या विकरावर व त्याच्या स्थिरीकरणावर दीर्घकाळ संशोधन झाले.

परंतु केवळ तंत्र हाती असणे पुरेसे नसते. आयात खुली झाल्यावर स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलीनचे उत्पादन थंडावले, आणि प्रतिजैविकांच्या कच्च्या मालासाठी आपण परावलंबी झालो. सरकारला 2020 साली उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणावी लागली, आणि काकीनाड्याजवळचा पेनिसिलीनचा नवा कारखाना 2024 साली उभा राहिला. गमावलेले कौशल्य परत मिळविणे किती महाग पडते, याचा हा धडा आहे.

विकरे म्हणजे सर्व दुखण्यांवरची मात्रा नव्हे. प्रत्येक प्रक्रियेला योग्य विकर मिळतेच असे नाही. मिळाले तरी कारखान्यातील द्रावकांत वा उष्णतेत ते टिकेलच असे नाही. मात्र विकरांत इष्ट बदल घडवून आणण्याची वाट फ्रान्सेस अर्नोल्ड यांनी दाखविली, आणि त्यासाठी त्यांना 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सिटाग्लिप्टिन या मधुमेहावरील औषधाच्या निर्मितीत अशा घडविलेल्या विकराने ऱ्होडियम धातूचा उत्प्रेरक आणि उच्च दाबाचा हायड्रोजन, दोन्ही अनावश्यक ठरविले. डोंबिवलीचे स्फोट विकरांनी टळले असते, असा दावा कोणी करू नये; पण जेथे दाब, दाहकता आणि ज्वालाग्राही द्रावके कमी, तेथे धोकाही कमी, एवढे निश्चित.

मग लहान कारखानदार या वाटेने का जात नाही? संशोधनाचा खर्च त्याला एकट्याला झेपत नाही, आणि नाल्यात सोडलेल्या सांडपाण्याची खरी किंमत त्याच्याकडून वसूल होत नाही. जोपर्यंत घाण करणे स्वस्त आहे, तोपर्यंत स्वच्छ प्रक्रिया महागच ठरणार. विकरांचे उत्पादन करणाऱ्या एका मोठ्या भारतीय कंपनीचे मुख्यालय ठाण्यातच आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था तासाभराच्या अंतरावर आहे. आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी रसायनशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात. औद्योगिक वसाहतींसाठी एक सामाईक विकर-प्रयोगशाळा उभारणे आणि प्रदूषणाचा आकार त्याच्या खऱ्या हानीइतका ठेवणे, या दोन गोष्टी शासनाने एकत्र केल्या पाहिजेत. त्यातली एकच केली, तर प्रयोगशाळा ओस पडेल, नाहीतर लहान कारखाना बंद पडेल आणि त्याचा भुर्दंड पुन्हा तेथील कामगारालाच बसेल.