मधे एक नियम वाढला, पण ‘नियम १४ पाहा’ तसंच राहिलं!

बेळगाव : वार्षिक सभा जवळ आली की पतसंस्था, शिक्षण मंडळं यांच्या कार्यालयांत कागदांची लगबग सुरू होते. पोटनियमांची दुरुस्ती, अहवाल, निवेदनं आणि त्यांना जोडायची परिशिष्टं. डीटीपी सेंटरला चार खेपा होतात, मसुदा पक्का होतो, आणि शेवटच्या संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, ‘मधे एक नियम घाला की!’ खरी गडबड तिथून सुरू होते.

समजा, निपाणी आणि कागल अशा दोन्ही राज्यांत शाखा असलेली एक मल्टिस्टेट पतसंस्था आहे. तिच्या पोटनियमांच्या मसुद्यात ५२ नियम आहेत. आठव्यानंतर एक नवा नियम घातला. जुना ९ आता १० झाला, १३ चा १४ झाला आणि १४ चा १५. पण पुढे एका नियमात लिहिलंय, ‘नियम १४ मधील कारणांवरून सभासदत्व रद्द करता येईल’. थकबाकी आणि गैरवर्तनाचा जुना नियम १४ आता १५ व्या जागी गेला. नव्या १४ मध्ये आहे वारस नोंदणी. म्हणजे कागदावर अर्थ असा झाला, की वारस नोंदवला म्हणून सभासदत्व जाणार! ही चूक सभेत कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ती केंद्रीय निबंधकांकडून प्रस्ताव परत आल्यावर, नाहीतर थेट वाद उभा राहिल्यावर.

३५० नंतर ‘३५० अ’ का?

हा प्रश्न नवा नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला घटनेचं कलम ३५० अ परिचयाचं आहे. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. ३५० ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद आहे. ही दोन्ही कलमं राज्य पुनर्रचनेच्या वर्षी, १९५६ मध्ये, सातव्या घटनादुरुस्तीने आली. त्यांना ३५१ आणि ३५२ हे क्रमांक दिले असते तर पुढची सगळी कलमं सरकली असती, आणि त्यांचा उल्लेख असलेले कायदे, निकाल, आदेश सगळेच चुकले असते. म्हणून मूळ आकडे जागेवर ठेवून ‘अ’ आणि ‘ब’ जोडले.

यातून सरळ हिशेब निघतो. नोंदणी झालेल्या किंवा दाखल केलेल्या कागदातले आकडे हलवायचे नाहीत. नवा नियम आला तर ‘८ अ’ करावा. मसुदा चालू असेपर्यंत मात्र आकडे खुशाल हलू द्यावेत, आणि ते सांभाळायचं काम संगणकावर सोपवावं.

करायचं काय?

पहिली गोष्ट, नियमांचे आकडे हाताने टाइप करू नयेत. वर्डमधलं ऑटोमॅटिक नंबरिंग वापरावं. दुसरी, ‘नियम १४’ लिहिताना ‘१४’ सुद्धा टाइप करू नये. त्या जागी कर्सर ठेवून रेफरन्सेस टॅबमधल्या क्रॉस-रेफरन्सवर जावं, ‘नंबर्ड आयटम’ निवडावा, यादीतून हवा तो नियम घ्यावा आणि ‘पॅराग्राफ नंबर’ टाकावा. आता तो आकडा त्या नियमाशी बांधला गेला. तक्ते आणि चित्रांसाठी आधी ‘इन्सर्ट कॅप्शन’ने क्रमांक द्यावा, मग तसाच संदर्भ जोडावा. लिबरऑफिसमध्ये ही सोय इन्सर्ट मेनूतल्या क्रॉस-रेफरन्समध्ये मिळते.

बहुतेक जण फसतात ते इथे : वर्डमध्ये नियमांचे आकडे लगेच बदलतात, पण संदर्भातले आकडे आपोआप बदलत नाहीत. कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडायचा आणि एफ-नाईन दाबायचं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही लागतं. हेडर, फूटर आणि तळटीपा या निवडीत येत नाहीत. तिथे वेगळं जाऊन एफ-नाईन दाबावं लागतं.

संदर्भ दिलेला नियमच कुणी पुसून टाकला, तर त्या जागी इंग्रजीत ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ उमटतं. छपाईआधी फील्ड अपडेट करण्याची सेटिंग चालू असेल तर पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि छापील प्रतीतच हा मजकूर येतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये तो इंग्रजीत न दिसता अगम्य देवनागरी अक्षरांसारखा दिसू शकतो, आणि टायपिंगची चूक समजून सोडून दिला जातो. म्हणून आधी एफ-नाईन, मग फाइंडमध्ये इंग्रजीत ‘एरर’ शोधावं, आणि नंतरच प्रिंट काढावी.

एक सावधगिरी आणखी. ‘अधिनियमाचे कलम ११’ असा बाहेरच्या कायद्याचा उल्लेख असेल तर तो आकडा हातानेच लिहावा. आपला मसुदा बदलला म्हणून कायद्याचं कलम बदलत नाही.

एवढं केलं तरी संगणक फक्त आकडा सांभाळतो, अर्थ नाही. फाइंडमध्ये ‘नियम’ शब्द टाकून प्रत्येक उल्लेखावर थांबावं, सांगितलेला नियम उघडून वाचावा, आणि छापील प्रतीवर पेन्सिलीने टिक करावी. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण प्रस्ताव परत आला तर पुन्हा सभा बोलवावी लागते.